डोलकाठीवरचा दिवा

काका, दिवा जळत होता.

तुला हे सांगण्यात काही अर्थ नाही, तुला ठाऊकच होतं. पण मला काल संध्याकाळी कळलं, काकूलाही कालच कळलं, आणि तेव्हापासून बडोद्यातल्या, वासण्याच्या आपल्या घरात जे काही चाललंय त्याला दुःख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काकू आज सकाळी चहा पिताना गुणगुणत होती. तुझं तेरावं होऊन एक रात्र उलटलीय आणि ती गुणगुणत होती! दारात आलेल्या दूधवाल्याने चमकून पाहिलं तिच्याकडे. पाहू दे.

मला माणसांबद्दल चांगलं लिहायची सवय नाही. मी पत्रकं लिहिते. नदीच्या मुखाशी जी गावं आहेत त्यांच्या पाण्यात कारखान्यांची घाण कोण सोडतं, कोणाच्या परवानगीने सोडतं, आणि सगळे गप्प का, हे एका पानात, मोठ्या टाइपात. पत्रकाला एक दोषी लागतो. पहिल्या ओळीत दोषी, दुसऱ्या ओळीत दोष, शेवटच्या ओळीत मागणी. तुझ्यावर लिहायला बसले आणि दोषीच सापडेना, म्हणून इतके कागद फाडले. एक दोषी हाताशी होता, तोही काल निसटला.

तेराव्याला एक गृहस्थ म्हणाले, "निसर्गप्रेमी माणूस होता हो. या वयात होडीवर सौरऊर्जा!" मी वाढता वाढता थांबले. होळी पेटायच्या आधी घरातला एसी सुरू करणारा माणूस, कोपऱ्यावरून पान आणायला स्कूटर काढणारा माणूस, आणि निसर्गप्रेमी? तू निसर्गप्रेमी नव्हतास काका. तू तारांचा प्रेमी होतास. जन्मभर मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून तारा जोडल्यास, निवृत्त झालास, आणि जोडायला तारा उरल्या नाहीत म्हणून स्वतःची बोट आणलीस. हे मी तुला तोंडावर म्हटलं होतं, तेव्हा तू मान डोलावून म्हणालास, "पत्रक, आज प्रथमच खरं बोललीस."

पत्रक. घरात माझं तेच नाव पाडलं होतंस. "काय गं पत्रक, आज कोणाची बिनपाण्याने केलीस?"

बोट आली तो दिवस आठवतो. गोव्यातली जुनी शिडाची बोट, एका लांबलचक ट्रेलरवर आडवी घालून, डोलकाठी वेगळी बांधलेली, आणि मागे रिक्षांची रांग हॉर्न वाजवत. बंगल्याशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर लोखंडी घोड्यांवर ती चढवली. अख्खी सोसायटी गच्चीत. बडोद्यात पाणी म्हणजे गावातला सुरसागर तलाव, नाहीतर विश्वामित्री, आणि तिच्यात मगरी. सोसायटीचे सेक्रेटरी खाली उतरून आले, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "काका, आ होडी चलावशो क्यां? सुरसागरमां?"

"ना रे," तू म्हणालास, "आपणा पार्किंगमां. चोमासामां पाणी तो आवे ज छे ने!"

ते हसले आणि गेले, आणि बोट राहिली. तू तिचं नाव ठेवलंस 'निवांत'. काकू म्हणाली, नाव तेवढं निवांत, बाकी माझ्या जिवाला घोर.

मी मात्र पहिल्या दिवसापासून विरोधात होते, आणि ते मी आजही मागे घेत नाही. मी ज्या गावांत जाते तिथे संध्याकाळी वीज जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. पोरं मोबाइलच्या उजेडात गणितं करतात. आणि इथे आमच्या काकाने दोन मोठी सोलर पॅनेलं आणली, कशासाठी, तर समुद्रात फिरताना श्रीखंड गार राहावं म्हणून! मी ओसरीत उभी राहून भाषण ठोकलं. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही, पण पॅनेल मात्र ज्याच्याकडे पैसे त्याचं, आणि मग त्याचा सूर्य. तू सगळं ऐकून घेतलंस. पक्कड खाली ठेवलीस आणि म्हणालास, "बरोबर आहे. आता तू ही शिडी धरतेस का, की मी पडू?"

मी शिडी धरली. तीच माझी चूक. शिडी धरलेला माणूस विरोधात राहू शकत नाही.

त्या प्लॉटवर तुझ्याकडून मी जे शिकले ते कुठल्या शिबिरात शिकले नाही. बोटीच्या मागच्या टोकाला स्टीलच्या पाइपची कमान बसवायची, तिच्यावर पॅनेलं, म्हणजे शिडांची सावली कमीत कमी पडते. केबल खाली जिथून उतरते तिथे थेंबभरही पाणी शिरता कामा नये. आणि तार साधी चालत नाही. खाऱ्या हवेत उघडं तांबं आतून हिरवं होतं, कुजतं, म्हणून प्रत्येक तारेला कल्हई केलेली हवी. सयाजीगंजच्या दुकानदाराने साधी तार पुढे केली तेव्हा तू ती वाकवून, सोलून, उन्हात धरून परत ठेवलीस. तो म्हणाला, "अंकल, बधा आ ज ले छे." सगळे हीच नेतात म्हणे. तू म्हणालास, "बधा घरे लगाडे छे. मारे दरियामां जवुं छे." मग ती तार बाहेरून मागवली. घरी काकूने ऐकलं आणि भडकली. "माझ्या पातेल्यांना कल्हई करून आणा म्हणून मी किती वर्षं सांगतेय? तारांना कल्हई, आणि आमटी मात्र कळकू दे!"

दुसऱ्या दिवशी तू पातेली घेऊन गेलास. घाबरून.

काकूशी झालेला करार मात्र गमतीचा नव्हता, आणि सगळं त्यावरच होतं. तू जहाजावर असायचास ती सगळी वर्षं काकू ओसरीतला दिवा रात्रभर चालू ठेवायची. लहानपणी मला वाटायचं चोरांसाठी. एकदा विचारलं तर म्हणाली, "मी इथे लावते, म्हणजे ते जिथे असतील तिथेही कोणीतरी लावलेला असेल." तेव्हा जहाजावर शंभर दिवे असत. आता तू त्या एवढ्याशा बोटीतून जाणार, सोबतीला फक्त रमणभाई, तुझ्या जुन्या जहाजावरचा दमणचा मित्र. काकू जेवणाच्या टेबलावर, पोळी वाढता वाढता म्हणाली, "जा. मी अडवणार नाही. पण मी इथे दिवा लावेन, तुम्ही तिथे लावायचा. रात्रभर. विझता कामा नये."

"अगं, डोलकाठीच्या टोकाला दिवा असतोच."

"असतो म्हणू नका. जळेल म्हणा."

"जळेल," तू म्हणालास.

तेव्हापासून तुझं सगळं गणित त्या दिव्याभोवती. जुनं डिझेल इंजिन माझ्या कटकटीमुळे काढलंस, बंदरात शिरण्यापुरतं छोटं पेट्रोलचं मशीन लावलंस, त्याने बॅटरी भरत नाही. म्हणजे जे काही यायचं ते सूर्याकडूनच. दिवा, सुकाणू धरणारं यंत्र, नकाशाचा पडदा, फोन आणि तुझा तो लाडका फ्रिज. मी म्हटलं तिसरं पॅनेल लाव नाहीतर फ्रिज काढ. तू म्हणालास, कमानीवर तिसऱ्याला जागा नाही आणि पोटात श्रीखंडाला आहे. हे भांडण आपण शेवटपर्यंत भांडलो.

आणि मग खंडेनवमी. यावर मी हसू नये असं काल खूप ठरवलं होतं. पणजोबा बडोदा सरकारच्या फौजेत होते, त्यांची तलवार अजून आपल्याकडे माळ्यावर आहे, त्यामुळे आपल्याकडे नवमीला शस्त्रपूजा म्हणजे साग्रसंगीत. तलवार खाली आली. तिच्याशेजारी पाटावर तुझी पक्कड, तारांची टोकं दाबून क्रिम्प करायचं हत्यार, मीटर, होकायंत्र. आणि एवढ्यावर थांबेल ती काकू कसली? नऊवारी नव्हती म्हणून बरं, ती शिडी चढून बोटीवर गेली, दोन्ही पॅनेलांवर कुंकवाचं ठळक स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, आणि झेंडूचा हातभर जाड हार कमानीवरून असा सोडला की तो काचेवर छान पसरला. खालून तू हात जोडलेस. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं रणरणीत ऊन आणि मीटरवर वीज नावापुरती. तू पांढराफटक पडलास. एकेक जोड उघडलास. पुन्हा क्रिम्प केलास. पॅनेलं आणि बॅटरीमधला कंट्रोलर उतरवलास. कल्हईच्या तारेवर संशय घेतलास, मग माझ्यावर, मग सयाजीगंजच्या दुकानदारावर. मी तर सरळ वही काढली आणि 'बडोदेकर ग्राहकांनो, सावधान!' असं पत्रक लिहायला घेतलं. पॅनेलं त्याच्याकडूनच घेतली होती ना! सोनं वाटायला आलेल्या लोकांना मी पहिला परिच्छेद वाचूनही दाखवला. आपण दोघं त्या हाराला हाताने बाजूला सारून त्याच्याखालचे बोल्ट तपासत होतो, आणि तपासून झाले की हार पुन्हा नीट जागेवर सोडत होतो. देवाचा हार ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू निर्माल्य गोळा करायला वर चढली. हार काढला. ओल्या फडक्याने काच पुसली, कारण पूजेचं कुंकू तसंच राहू देत नाहीत. तू खाली मीटर घेऊन बसला होतास. आकडा उडाला. तू ओरडलास, "अगं, काय केलंस?" काकू घाबरून म्हणाली, "काही नाही हो, नुसतं निर्माल्य काढलं!"

तू बसल्या जागीच हसायला लागलास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मला समजावलंस. पॅनेलातले चौकोन आग विझवायला बादल्या हातोहात देणाऱ्या माणसांसारखे रांगेत असतात. मधला एक जण झोपला की पुढच्यांचे हात रिकामे. बोटभर सावली पुरते. माझ्या हातातून ते अर्धं पत्रक घेतलंस, घडी करून पाटाखाली सरकवलंस आणि म्हणालास, "पत्रक, आयुष्यभर लक्षात ठेव. आधी सावली बघायची. मग शिव्या द्यायच्या."

दिवाळीनंतर 'निवांत' ट्रेलरवर चढून दमणच्या खाडीत गेली. पौषात तू आणि रमणभाई निघालात, दमण ते दीव. काकूने तू घराबाहेर पाऊल टाकलंस त्या क्षणी ओसरीतला दिवा लावला. मधे एक दिवस फोन लागणार नाही हे ठरलेलंच होतं. दुसऱ्या संध्याकाळी किनारा जवळ आला की तू फोन करणार होतास.

दुसऱ्या संध्याकाळी फोन नाही. तिसऱ्या सकाळी नाही. इथे बडोद्यातही आभाळ भरून आलेलं, अवकाळी पाऊस भुरभुरत होता, मावठां म्हणतात ना इथले लोक, तसा. मी तुझा नंबर लावत होते आणि ती बाई मला गुजरातीत सांगत होती की फोन बंद आहे. काकू ओसरीत बसून होती. रडत नव्हती. तिने मला एवढंच विचारलं, "फोन बंद म्हणजे बॅटरी संपली का गं? म्हणजे बोटीवरची?" मी जे खरं वाटलं तेच म्हणाले. मला खोटा धीर देता येत नाही. मी म्हटलं, "हो काकू. ढग आहेत. पॅनेलं दोनच आहेत. आणि फ्रिज चालू असणार."

तिसऱ्या दिवशी दुपारी दीवच्या एका हॉटेलातून तुझा फोन. "पोचलो गं. झकास!"

झकास म्हणे.

परत आलास तेव्हा मी फाटकातच गाठलं तुला. शेजारीपाजारी ऐकत होते, ऐकू दे म्हटलं.

"फोन का बंद होता?"

"होता बंद."

"बॅटरी उतरली ना? कबूल कर. फ्रिज चालू ठेवलास आणि बॅटरी उतरली."

"दिवा होता," तू म्हणालास.

"फोन चार्ज करायला वीज नव्हती, आणि दिवा होता? कोणाला शेंड्या लावतोस? पुरावा काय?"

तू हसलास. ते तुझं मिटलेल्या ओठांचं हसू, जे तू वाद हरताना हसायचास. "दिवा होता," एवढंच परत म्हणालास आणि पिशवी उचललीस. दारात काकू उभी होती. तिने सगळं ऐकलं. बाजूला होऊन तुला आत येऊ दिलं, पाणी दिलं, जेवायला वाढलं. बोटीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

आणि ओसरीतला दिवा तिने बंद केला नाही.

तू घरी आला होतास आणि दिवा जळतच होता. रात्रीच नव्हे, दिवसाही. कडक उन्हात तो पिवळा बल्ब. समोरची बाई हाक मारून सांगायची, "मासी, लाइट चालू छे तमारी!" काकू म्हणायची, "खबर छे." मी तर काय, वीज वाया गेलेली मला बघवत नाही. मी दोनदा बटणाशी गेले. "राहू दे," काकू म्हणाली. तिचा तो आवाज मला माहीत नव्हता. तूही जाता-येता त्या दिव्याकडे बघायचास. तुझा हात कधी बटणाकडे गेला नाही. जहाजावर रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की शिवी हासडणारा तू.

मला वाटलं मी जिंकले. तुझं खोटं उघडं पडलंय आणि तुला ते ठाऊक आहे.

मग फाल्गुनात, एका साध्या दुपारी, तू जेवलास, वाटी चाटून पुसून खाल्लीस, आतल्या पलंगावर आडवा झालास, आणि उठला नाहीस. घाम नाही, धावपळ नाही, दवाखान्याच्या दारातली ओढाताण नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. एक सांगू? सगळे रडत होते आणि माझ्या छातीवरून दगड उतरला होता. बोट पाण्यात उतरल्यापासून मी रात्री-बेरात्री फोन वाजला की दचकत होते, की आता कोणीतरी सांगणार, बोट सापडली, माणूस नाही. तू तुझ्या पलंगावर गेलास. पंखा चालू होता. कोणाला तुला शोधायला लागलं नाही. याबद्दल मी तुझी फार ऋणी आहे काका, आणि हे तेराव्याच्या पंगतीत बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

पण दिवा राहिलाच होता. तू गेलास त्या जागेवर तेलाचा दिवा लावला, रिवाजाप्रमाणे, आणि ओसरीत तो बल्ब. दोन दिवे असलेलं घर. मी काकूकडे बघत होते आणि मला कळत होतं की ती तुझ्या जाण्याने तेवढी मोडलेली नाही. ती 'जळेल' या शब्दाने मोडलीय. सगळा संसार तिने दिव्याच्या भरवशावर काढला, आणि शेवटी तिला वाटत होतं की तिच्याच बाजूचा तेवढा जळत होता.

काल सगळे पाहुणे गेल्यावर, ऊन उतरताना रमणभाई आले. गावाला होते, उशिरा कळलं म्हणे. तुझ्या फोटोसमोर उभे राहिले, मग ओसरीत खुर्चीवर बसले आणि वर बल्बकडे बघितलं. मी कपाळाला आठ्या घालूनच बसले होते. सरळ विचारलं, "रमणभाई, साचुं कहो. त्या रात्री बोटीवर दिवा होता का?"

ते बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिले. "दीकरी, तारा काकाए ना पाडी'ती." तू सांगायला मनाई केली होतीस म्हणे.

"काका गेले आता."

मग त्यांनी सांगितलं. अर्धं गुजरातीत, अर्धं हिंदीत, हातवारे करत. निघाल्यापासून ढग. पहिल्याच दुपारी तू फ्रिज बंद केलास. पहिल्याच दुपारी, काका! श्रीखंड आंबलं, तसंच दोघांनी भाकरीशी खाल्लं. दुसऱ्या दिवशी सुकाणूचं यंत्र बंद केलंस, दोघांनी पाळीपाळीने हाताने सुकाणू धरलं. मग नकाशाचा पडदा. संध्याकाळी तू मीटर बघितलंस आणि म्हणालास, बॅटरी आणखी खाली गेली तर कंट्रोलर सगळंच तोडेल, दिवासुद्धा. रमणभाईंचा फोन आधीच मेला होता. तुझा थोडा उरला होता, तो चार्ज व्हायला बोटीच्या बॅटरीला लावलेला होता. तू तो काढलास. रमणभाई म्हणाले, अरे, घरी फोन करायचाय ना? तू म्हणालास, "फोन नाही गेला तर पत्रक ओरडेल. दिवा गेला तर ती ओरडणार नाही."

रमणभाईंनी ते मराठीतच म्हणून दाखवलं, तुझ्याच चालीत. मी दुसरीकडे बघितलं.

"मग काकांनी तुम्हाला सांगायला का मनाई केली?"

"ट्रॉलर," ते म्हणाले. त्या रात्री एक मासेमारीचा ट्रॉलर सरळ तुमच्या अंगावर येत होता. ढगाने चांदणं नव्हतं. तुम्ही दोघं ओरडत होतात, त्याच्या इंजिनापुढे काय ऐकू जाणार? आणि अगदी जवळ आल्यावर तो वळला. इतक्या जवळून की त्याच्या लाटेने भांडी पडली. दीवच्या धक्क्यावर तोच ट्रॉलर लागला होता. त्याचा माणूस येऊन म्हणाला, "काका, उपरनी बत्ती देखाई एटले फेरव्युं. नहीं तो पूरुं हतुं." वरचा दिवा दिसला म्हणून वळवला, नाहीतर संपलंच होतं.

तेव्हा धक्क्यावरच तू रमणभाईंकडून शब्द घेतलास. दिव्याचा पुरावा मागतील घरी, म्हणालास, आणि पुरावा एकच आहे, तो ट्रॉलर. ट्रॉलरचं कळलं तर ती पुन्हा पाण्यात पाऊल टाकू देणार नाही. म्हणून तू फाटकात उभा राहून माझ्या शिव्या खाल्ल्यास. सगळ्या वासण्यासमोर. चैत्रात पुन्हा जायचं होतं म्हणून!

बोलू शकला असतास रे. मला एकटीला बाजूला घेऊन सांगायचंस. मी नसतं सांगितलं काकूला. खरं म्हणजे सांगितलं असतं, आणि तू मला ओळखून होतास.

मी मान वळवली तेव्हा काकू दारात उभी. हातात रमणभाईंसाठी ताट. किती वेळ उभी होती माहीत नाही. मला धडकी भरली, ट्रॉलरचं ऐकून ही आता कोसळणार. ती ताट घेऊन पुढे आली, स्टुलावर ठेवलं, आणि विचारलं, "सकाळपर्यंत जळला?"

"सवार सुधी, भाभी. अजवाळुं थयुं पछी एणे पोते बंध कर्यो."

उजाडल्यावर तू स्वतःच्या हाताने बंद केलास.

काकूने मान हलवली. एकदा, दोनदा. मग म्हणाली, "खा रमणभाई. श्रीखंड आहे, आंबट नाहीये," आणि रमणभाई एवढे मोठे पुरुष, वाटीत बघून हुंदके द्यायला लागले, आणि तीच त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

बोट विकायची नाही, असं ती नंतर म्हणाली. रमणभाई सांभाळतील. मी शिकायचं आहे म्हणे. नदीच्या मुखाशी कारखान्यांचं पाणी कुठे येऊन मिळतं ते किनाऱ्यावरून दिसत नाही अशी कुरकुर मी करत असतेच, तर जाऊन बघ. मी म्हटलं, काकू, मग तिसरं पॅनेल लागेल आणि फ्रिज काढावा लागेल. ती म्हणाली, फ्रिज राहील. आपलं भांडण तू वारसाने देऊन गेलास बघ. नवमीला हारही घालणार आहोत. कमानीच्या खाली बांधू, काचेला लागणार नाही असा.

पण हे नंतरचं. त्याआधी, रमणभाईंचं ताट रिकामं झाल्यावर, बाहेर तिन्हीसांजा झाल्या होत्या. सोसायटीत एकेका घरात दिवे लागत होते. काकू उठली. मला वाटलं आत देवापाशी चालली. ती भिंतीशी गेली, बटणाशी, तू निघालास त्या दिवसापासून खाली दाबलेल्या त्या बटणाशी, आणि ते वर केलं.

"पोचले," ती म्हणाली.

मग अंधारात माझ्याकडे वळून, अगदी तुझ्यासारखा आवाज काढून, "घे गं पत्रक. वाचली तुझी वीज."